पाठमोऱ्या माणसांचा चित्रकार

मुलांच्या जुन्या पुस्तकांचा अभ्यास करणारे एक तरुण गृहस्थ मध्यंतरी माझ्याकडे आले होते. देव्हाऱ्यातली मूर्ती उचलावी तशा अदबीने त्यांनी पिशवीतून एक चिमुकले पुस्तक काढले आणि माझ्यासमोर ठेवले. चित्रे माझी होती. चित्रकार म्हणून माझी सगळी कारकीर्द त्या एका पुस्तकात मावते आणि कडेला समासही उरतो. पुढे शेतकीच्या एका क्रमिक पुस्तकासाठी मी काही म्हशी काढल्या. पण म्हशी कोणी कारकिर्दीत धरत नाही. गृहस्थांनी विचारले, "यातली जवळजवळ सगळी माणसं पाठमोरी आहेत. त्या काळाच्या मानानं ही फारच धीट शैली म्हणायची. यामागे आपली भूमिका काय होती?"

मी चहाचा कप उचलला, पुन्हा बशीत ठेवला आणि "तशी काही... म्हणजे ते आपोआपच" असे पुटपुटलो. त्यांनी तेही वहीत टिपून घेतले. खरे उत्तर असे की मला माणसांची तोंडे काढता येत नसत. आणि येत नसत याचे कारण मला माणसांच्या तोंडाकडे पाहता येत नसे. त्यांना जे समोरासमोर सांगता आले नाही ते येथे लिहितो, कारण कागद माझ्याकडे टक लावून बघत नाही.

पन्नासच्या दशकात मी अंधेरीला राहत असे आणि फोर्टमधल्या एका कचेरीत भाषांतरकार होतो. संस्कृत घेऊन एम. ए. झालेल्या माणसाने इंग्रजी परिपत्रके मराठीत आणावीत हे काम इतरांना विचित्र वाटे. माझ्या स्वभावाला ते मानवले होते. कोणाशी बोलावे लागत नसे, आणि वाक्य कळले नाही तर दोष मूळ इंग्रजीवर ढकलता येई. पस्तिशी उलटल्यावर मला चित्रे काढावीशी वाटू लागली. तशी ती लहानपणापासूनच वाटत होती. पण आमच्या घरी चित्रकला हा गणितात नापास होणाऱ्यांचा विषय समजला जाई, आणि दुर्दैवाने मी गणितात कधी नापास झालो नाही.

परीक्षा दिल्यावाचून जगात काही करता येते हे मला ठाऊक नव्हते. म्हणून मी शाळकरी मुलांसाठी असलेल्या एलिमेंटरीच्या ड्रॉइंग परीक्षेला बसलो. बाकाखाली माझे गुडघे मावेनात. पर्यवेक्षकांनी मला कोणाचा तरी पालक समजून "आपण बाहेर थांबा" असे सौजन्याने सांगितले, तेव्हा मला परीक्षेचे प्रवेशपत्र दाखवावे लागले आणि सगळा वर्ग खुदुखुदु हसला. शेजारच्या मुलीने माझा खोडरबर मागून घेतला आणि परत करताना दबक्या आवाजात, मनापासूनच्या कळवळ्याने विचारले, "काका, तुम्ही किती वेळा नापास झालात हो?"

वस्तुचित्रासाठी तांब्या आणि वांगी मांडली होती. ती मला छान जमली, कारण तांब्या आपल्याकडे बघत नाही. स्मरणचित्राचा विषय मात्र 'नळावर पाणी भरणाऱ्या बायका' असा होता. मी नळ फार सुंदर काढला. बायका नळाकडे तोंड करून, म्हणजे परीक्षकांकडे पाठ फिरवून उभ्या केल्या. मला ब श्रेणी मिळाली. मोठ्या कलावंतांना अशा प्रसंगी आपला मार्ग सापडतो असे वाचले आहे. मला पळवाट सापडली.

ही बातमी आमच्या घरातून बाहेर गेली ती अर्थातच माझ्या तोंडून नव्हे. हिने ती भाजीच्या दुकानात कोणाला तरी सांगितली आणि फिरतफिरत ती बाईंपर्यंत पोचली. मला मुळाक्षरे शिकवणाऱ्या या बाई सरकारी शाळेतून निवृत्त होऊन अंधेरीतच एका बंगल्याच्या पडवीत बालवर्ग चालवत होत्या. एका कोंबड्याची गोष्ट त्या वर्षानुवर्षे मुलांना सांगत. कोंबडा आरवायचे विसरतो. मग एक लहान मुलगी त्याला बगलेत घेऊन दारोदार जाते आणि त्याला पहाटेचे आवाज ऐकवते: कुठे जात्याची घरघर, कुठे दुधाची धार, कुठे देवळातली घंटा. घाटकोपरच्या एका प्रकाशकाने ती गोष्ट दिवाळीच्या सुट्टीसाठी पुस्तकरूपाने काढायचे कबूल केले होते. बाईंनी मला भर रस्त्यात गाठले.

"काय रे, चित्रं काढतोस म्हणे तू?"

"नाही... म्हणजे अगदी किरकोळ."

"किरकोळ म्हणजे? कोंबडा येतो का?"

"येतो."

"मग झालं तर. प्रकाशकांना मी तुझं नाव सांगितलंय. आणि मान वर करून बोल, मी काही तुझ्या चपलेत बसलेले नाही."

मी चित्रे काढली. भाकरी थापणारी आजी चुलीकडे तोंड करून बसली होती. गवळी म्हशीच्या पोटाशी वाकला होता. पुजारी देवाकडे वळला होता, आणि देव पुजाऱ्याच्या आड गेला होता. मुलगी प्रत्येक पानावर कोणाच्या तरी दारातून आत डोकावत असल्यामुळे वाचकाला तिच्या दोन वेण्या आणि बगलेतला कोंबडा तेवढा दिसे. कोंबडा मात्र मी मन लावून काढला. तो बाजूने बघतो, त्यामुळे त्याच्या एकाच डोळ्याशी गाठ पडते. आणि म्हशी. म्हैस आपल्याकडे पाहूनही न पाहिल्यासारखे करते. एवढे सौजन्य मला माणसांत क्वचितच आढळले आहे.

प्रकाशकांचा छापखाना एका पत्र्याच्या शेडमध्ये होता. संस्कृत एम. ए. आहे हे कळल्यापासून ते मला 'पंडित' म्हणत, आणि त्या हाकेत आदर किती आणि चेष्टा किती हे मला शेवटपर्यंत समजले नाही. माझी पहिली चित्रे त्यांनी खिडकीशी धरली.

"पंडित, हा धूर आहे. रेघ कुठाय?"

मी परीक्षेत शिकल्याप्रमाणे मऊ पेन्सिलीने, पुसून पुसून, छायाप्रकाश साधला होता. त्यांनी समजावले की चित्रावरून जस्ताचा ठसा करतात आणि ठशाला काळे किंवा पांढरे एवढेच कळते. 'बहुधा' हा रंग ठशात उमटत नाही. माझी रेघ तर अशी की एका जागी न ठरता केसाळ सुरवंटासारखी पुढे सरके. चुकली तर माघार घेता यावी म्हणून. "शाईनं एक रेघ ओढा, आणि ओढली की तिच्या बाजूनं उभे राहा," ते म्हणाले. मी घरी गेलो आणि सगळी चित्रे शाईने पुन्हा काढली. रेघा ठाम आल्या. ती पाहायला त्यांनी मला पुन्हा बोलावले तेव्हा खुर्चीवर बाईही बसल्या होत्या.

प्रकाशकांनी पाने एकामागून एक उलटली.

"काय हो, ही सगळी मंडळी आपल्यावर रुसलीयेत का?"

"नाही, ती आपापल्या कामात आहेत," मी म्हणालो.

"आणि ही मुलगी?"

"ती दारातून आत बघते आहे."

"सगळ्या पानांवर?"

"गोष्टीत दारं पुष्कळ आहेत."

बाईंनी खोकल्याचे निमित्त करून पदर तोंडाला लावला. प्रकाशक काही हसले नाहीत. "असं बघा पंडित, पोरं पुस्तक उचलतात ती कुणाचं तरी तोंड बघून. आतली चित्रं राहू देत, बरी आहेत. पण मुखपृष्ठावर मला माणसाचं एक तोंड पाहिजे. पुढच्या सोमवारी सगळं ठसे करायला ब्लॉकवाल्याकडे जाणार. नाही जमलं तर आत्ताच सांगा. आपला एक माणूस आहे, सिनेमाची बोर्डं रंगवतो. तोंडं हातहातभर काढतो! मग आतलीही सगळी चित्रं त्याच्याकडूनच करून घेईन. एका पुस्तकात दोन हात नकोत."

'नाही जमणार' हे माझे आवडते वाक्य आहे. ते ओठांवर आलेही होते. पण त्या क्षणी मला विलक्षण अशी एक गोष्ट जाणवली: हे पुस्तक मला हवे होते. नोकरी, पदवी, बिऱ्हाड, एवढेच काय पण बायकोसुद्धा, माझ्या आयुष्यात वडीलधाऱ्यांच्या व्यवस्थेने आली होती. अडतिसाव्या वर्षी स्वतःहून काही हवेसे वाटण्याची ही पहिलीच वेळ. सवय नसल्यामुळे मला ते आधी पित्ताचे लक्षण वाटले. "सोमवारी आणतो," असे कोणीतरी म्हणाले. तो मीच होतो.

पहिला प्रयत्न शेजारच्या मुलीवर झाला. तिच्या आईची परवानगी मागायला जाण्यात एक संध्याकाळ गेली. मी दारापर्यंत जाऊन दोन वेळा वर्तमानपत्र मागून परत आलो. अखेर हिने जाऊन मुलीला आणले. ती समोर बसून माझ्याकडे पाहू लागताच मी तिला गोड आवाजात भिंतीकडे तोंड करायला सांगितले. वेण्या पुन्हा उत्तम आल्या.

मग विचार केला की आपण कोणाच्या लक्षात न येता पाहावे. शनिवारी दुपारी बस धरून वर्सोव्याला गेलो. होड्या लागल्या होत्या, मासळीचा बाजार भरला होता. एवढ्या गर्दीत एका बुजऱ्या प्रेक्षकाची कोण दखल घेणार? एका टोपलीपाशी एक लहान मुलगी आईला टेकून बसली होती. चेहरा अगदी हवा तसा. मी उभा राहून मनातल्या मनात नाकाची रेघ ओढली, हनुवटीपाशी आलो, आणि तिच्या आईने कमरेवर हात ठेवले.

"काय रं दादा, म्हावरं घ्यायचं हाय का नुसतं बघायचं हाय?"

"घ्यायचं हाय," मी म्हणालो. घाबरलो की मी समोरच्याच्या बोलीत बोलतो.

आमचे घर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. त्या दिवशी मी वर्तमानपत्रात बांधलेले सुके बोंबील मांडीवर घेऊन अंधेरीला आलो, आणि बसमध्ये माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली. दारातच हिने नाकाला पदर लावला.

"अहो, तोंड आणायला गेला होतात ना?"

"मिळालं नाही."

"म्हणून हे आणलंत?"

पुडके तळमजल्यावरच्या मालवणी वहिनींकडे पोचते झाले. "भावोजी, असाच अधूनमधून चित्रां काढूक जात जावा," असा त्यांनी निरोप धाडला.

रविवार उजाडला. दुपारी ही खिडकीपाशी सुपात तांदूळ निवडत बसली होती आणि मी कोऱ्या कागदासमोर बसलो होतो. बराच वेळ खडे टाकल्याचा आवाज तेवढा येत होता. मग तो थांबला.

"घरात एक तोंड आहे म्हटलं."

"कुठे?"

"हे बघा! कुठे म्हणून विचारतायत. मला काढा की."

"तुला? समोर बसवून?"

"का? मला बघायला आला होतात तेव्हाही पोह्यांची बशीच बघून गेलात. माझी आई म्हणत होती, मुलाला पोहे पसंत पडलेले दिसतायत, मुलीचं काही कळत नाही."

हे दुर्दैवाने खरे होते. मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात समोर मुलगी बसते, भोवती दोन्हीकडची मोठी माणसे बसतात, आणि मुलाने मुलगी पाहावी म्हणून सगळे मुलाकडे पाहतात. एवढ्या नजरा अंगावर असताना मान वर कशी करायची? मी बशीतल्या एकेका मोहरीशी परिचय करून घेतला. परतताना वडिलांनी "कशी वाटली?" असे विचारले तेव्हा मी "खोबरं ताजं होतं" असे म्हणालो, आणि त्यांनी तो होकार धरला. ते पोहे हिच्या काकूंनी केले होते हे मला लग्नानंतर कळले.

ही सूप बाजूला ठेवून स्टुलावर बसली.

"हलले तर चालेल?"

"नको."

"आणि बोलले तर?"

"ते कुठे थांबणार आहे?"

"वा! आज जीभ फुटली म्हणायची. पण बघताय कुठे? कागदावर मी नाहीये. मी इथे आहे."

मी मान वर केली. ती माझ्याकडे पाहत होती. मी खाली पाहिले, एक रेघ ओढली, पुन्हा वर पाहिले. ती पाहतच होती. तिच्या डाव्या भुवईच्या टोकाशी एक जुना व्रण होता, तांदळाच्या दाण्याएवढा.

"हे काय झालंय इथे?"

"ते होय? झोपाळ्यावरून पडले होते. चौथीत असताना."

"मला कधी दिसलं नाही."

ही एरवी अशी संधी सोडत नाही. त्या दिवशी मात्र तिने ती सोडली. खिडकीबाहेर बघितल्यासारखे केले, मग स्वतःच्या लक्षात येऊन मान पुन्हा माझ्याकडे वळवली. मी रेघ ओढत राहिलो. तेरा वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांकडे सलग इतका वेळ प्रथमच पाहत होतो, आणि तेही प्रकाशकांच्या तगाद्यामुळे. चित्र पुरे झाले तेव्हा तांदूळ तसेच पडले होते आणि रात्री आम्ही थालीपीठ खाल्ले.

सोमवारी छापखान्यात प्रकाशकांनी चित्र हातात घेतले. दोन वेण्या, परकर, बगलेत कोंबडा, आणि वर चेहरा. खराखुरा, समोरून काढलेला. त्यांनी तो जवळून पाहिला, लांबून पाहिला.

"ही मुलगी किती वर्षांची?"

"आठ."

"हिच्या तोंडावर रेशनकार्ड दिसतंय, पंडित! उद्या साखर मिळेल का याची काळजी आहे हिला. वाट लागली. बोलवा त्या बोर्डवाल्याला."

मी वय कमी करण्याचा प्रयत्न तिथल्या तिथे केला. एकेक रेघ पांढऱ्या रंगाने झाकत गेलो. शेवटी वेण्या घातलेले उकडलेले अंडे उरेल अशी चिन्हे दिसू लागली. बाईंनी चित्र माझ्या हातातून काढून घेतले.

"थांब. ही तुझी बायको ना?"

"हो."

"चांगली आलीय. मग तिला बायकोच राहू दे. आठ वर्षांची कशाला करतोस? मुलीला आई दे."

"बाई, गोष्टीत आई नाही."

"आता आहे. पोर पहाटे उठून गावभर हिंडते, तिला घरातून कुणी हाक मारायला नको? शेवटी एक वाक्य घालते मी. आई दारात उभी, आणि मुलगी तिच्याकडे धावत येतेय." त्यांनी चित्र माझ्या हातात परत दिले. "पाठमोरी."

प्रकाशकांनी कपाळाला हात लावला. पण अट एका तोंडाची होती आणि तोंड आले होते. मी तिथेच, टाइपाच्या खोक्यावर कागद ठेवून, मुखपृष्ठ पुन्हा काढले. बोर्ड रंगवणाऱ्याला बोलावणे गेले नाही.

पुस्तक दिवाळीच्या आधी निघाले. छापताना लाल रंगाचा ठसा किंचित सरकला, त्यामुळे मुखपृष्ठावरच्या आईचे कुंकू कपाळावरून घसरून नेमके डाव्या भुवईच्या टोकावर बसले. जो व्रण दिसायला मला तेरा वर्षे लागली तो यंत्राने एका दाबात झाकला. हिने पुस्तक न्याहाळले आणि "नाक मोठं आलंय" एवढेच म्हटले. नंतर ते तिने मालवणी वहिनींना, भाजीवाल्याला आणि माहेरच्या सगळ्यांना दाखवले.

बालवर्गात पुस्तक वाचून दाखवायचे ठरले तेव्हा बाईंनी मला हजर राहण्याचा हुकूम केला. पडवीत सतरंजीवर मुले बसली होती. मी एका खांबाच्या आडोशाला उभा राहिलो. वाचन झाले, प्रती हातोहात फिरू लागल्या. पुढच्या रांगेत पुढचे दात पडलेली एक मुलगी होती. तिने मुखपृष्ठावरच्या धावणाऱ्या मुलीची पाठ पाहिली, आणि मग शांतपणे पुस्तक उलटे केले. पाठ पुढच्या बाजूला असेल तर तोंड मागच्या बाजूला असणार, हा तिचा हिशेब. मलपृष्ठ कोरे होते.

"बाई, हिचं तोंडच नाहीये!"

"मला काय सांगतेस? ते बघ, खांबामागे लपलेत ना, त्यांनी काढलंय. त्यांना विचार."

सगळी पडवी माझ्याकडे वळली. मुलगी उठून पुस्तक घेऊन आली.

"काका, तोंड काढा ना."

"आत्ता?"

"मग कधी?"

माझ्यापाशी कचेरीतले शाईचे पेन तेवढे होते. मी पायरीवर बसलो, ती समोर मांडी घालून बसली आणि माझ्याकडे पाहू लागली. लहान मुलांना टक लावून पाहण्याची लाज नसते. पापणीसुद्धा हलवत नाहीत. मी मान खाली घातली. मग, दुसरा काही उपायच नसल्यामुळे, वर केली. तिच्या नाकावर खडूची भुकटी होती. मी पाहिले, एक रेघ ओढली, पाहिले, दुसरी ओढली. मुले माझ्या खांद्यावर रेलली होती आणि कोणीतरी माझ्या कानात श्वास सोडत होते. दात नसलेल्या जागा मी काळ्या केल्या. ती हसली, म्हणून मग चित्रातलीही हसली.

तिने पुस्तक घेतले. चेहरा पाहिला, उलटून पाठ पाहिली, पुन्हा चेहरा पाहिला. परीक्षकांनीही माझ्या नळाची इतकी कसून तपासणी केली नसेल.

"माझ्यासारखी नाहीये ही," ती म्हणाली.

"नाही," मी कबूल केले. "फारशी नाही."

"हिच्यासारखी आहे." तिने मुखपृष्ठावरच्या पाठमोऱ्या मुलीवर बोट ठेवले. "तीच आहे ही."

मी ती प्रत परत मागेन असा संशयही तिला आला नाही. पुस्तक बगलेत मारून ती अंगणात पळाली.